सासूबाईंचं नाक उसनं घे

“मावशी, लग्नाला दीड वर्ष झालं. काळाचौकीला वन रूम किचनमध्ये आम्ही चौघं राहतो. सासू-सासरे, नवरा आणि मी. आषाढात घरात सगळ्यांनाच ताप-सर्दी झाली. डॉक्टर म्हणाले, व्हायरल आहे. बाकीचे आठवड्यात बरे झाले. माझा ताप गेला, पण त्याच्याबरोबर वास गेला आणि चवही गेली. गटारीला मटणाचं ताट पुढ्यात होतं आणि मी कागद चावल्यासारखी जेवत होते. श्रावण तसाच गेला, काही त्रास नव्हता. गणपती झाल्यावर आईंनी पहिल्यांदा चिकन केलं आणि मला उलटी झाली. मेलेला उंदीर आणि जळकं रबर एकत्र केल्यासारखा वास. आता तोच वास कांदा-लसणाच्या फोडणीला, अंड्याला, कॉफीला, टूथपेस्टलासुद्धा येतो. आईंना वाटतं, गोड बातमी आहे. दोनदा टेस्ट केली, निगेटिव्ह आली. नवरा म्हणतो, मनाचे खेळ आहेत. सहा किलो वजन उतरलं. आईंच्या हातचं जेवण मला कुजकं लागतं हे त्यांना सांगू कसं? आणि हे बरं कधी होणार? शेजारच्या काकू म्हणतात, नाकात लसणाचा रस घाल. दिवाळी तोंडावर आली आहे.

ता. क. नवरा जवळ आला की त्याच्या घामालाही तोच वास. हे तर कुणाला सांगताच येत नाही.

– एक हैराण सून”

हैराण सूनबाई,

सगळ्यात आधी लसणाचं. तो रस नाकात अजिबात घालू नकोस. नाकाचं आतलं अस्तर पातळ असतं, लसणाने ते भाजून निघतं, आणि तुला आत्ता सगळी गरज आहे ती त्याच अस्तराची. काकूंना सांग, लसूण चटणीत बरा. तीच गोष्ट नाकात मारायच्या झिंकच्या औषधांची. २००९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्यांच्याविरुद्ध इशारा दिला होता, कारण ती वापरल्यावर वास गेल्याच्या शंभराहून जास्त तक्रारी आल्या होत्या, आणि काहींचा तो परत आलाच नाही. ऑनलाइन काहीही घरपोच मिळतं म्हणून हे आधी सांगून टाकलं.

आता तुझं दुखणं. त्याला नाव आहे: पॅरोस्मिया. वास न येणं वेगळं आणि वास भलताच येणं वेगळं. तुला आधी पहिलं झालं, आता दुसरं चालू आहे. हा क्रमही अगदी ठरलेला आहे. वास गेल्यावर दोन-तीन महिन्यांनी, माणूस सावरतोय असं वाटत असतानाच हे सुरू होतं. मी डॉक्टर नाही, पण या रस्त्याने चालून आलेली आहे.

मला हे एप्रिल २०२१ मध्ये झालं. गॅसवर दूध ठेवून मी बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसले होते. शेजारच्या वहिनींनी दार बडवलं तेव्हा कळलं. पातेल्याचा तळ कोळसा झाला होता, स्वयंपाकघर धुराने भरलं होतं. धूर मला दिसला, डोळे चुरचुरले, घशात खवखवलं. वास मात्र शून्य. वहिनी पदराने नाक दाबून उभ्या आणि मी त्यांना विचारतेय, “खूप येतोय का हो वास?” एका डॉक्टरांकडे गेले, तर त्यांनी मान वर न करता सांगितलं, वय झालं की होतं असं. मी तेव्हा ५६ वर्षांची होते आणि आदल्या महिन्यापर्यंत जिन्यात उभी राहून कुणाच्या घरी कोणती मासळी शिजतेय ते सांगत होते. जुलैत एक दिवस कॉफीचा घोट घेतला आणि बेसिनकडे धावले. तेव्हा दुसऱ्या एका कान-नाक-घसा डॉक्टरीणबाईंनी मला बसवून, कागदावर नाकाचं चित्र काढून समजावलं. त्यांनी सांगितलं ते तुला सांगते.

नाकाच्या अगदी वर, छताला, टपाल तिकिटाएवढा एक पट्टा असतो. वास तिथे कळतो. तिथल्या मज्जापेशींचे धागे हाडाच्या चक्क एका चाळणीतून वर मेंदूत जातात. या पेशींना सांभाळायला आजूबाजूला आधारपेशी असतात. कोविडच्या वेळी, २०२० मध्येच, संशोधकांच्या लक्षात आलं की व्हायरस मज्जापेशींवर सरळ हल्ला करत नसावा, तो आधी या आधारपेशींत घुसतो. म्हणजे आचारी धडधाकट, पण पाणी भरणारा आणि भांडी घासणारा आजारी पडलेला. पंगत कशी उठणार? ज्यांच्या आधारपेशी लवकर सावरल्या त्यांचा वास दोन-तीन आठवड्यांत परत आला. ज्यांच्या मज्जापेशीच मोडल्या त्यांना नव्या पेशी उगवण्याची वाट पाहावी लागते. त्या उगवतात, हे नशीबच. शरीरातल्या फार थोड्या मज्जापेशी अशा जन्मभर नव्याने तयार होतात.

तुला तेव्हा कोविड झाला होता की साधा फ्लू, याने आता फार फरक पडत नाही. साध्या सर्दीनेही असं होतं, कोविडच्या कितीतरी आधीपासून होत आलंय. फक्त तेव्हा कुणी मनावर घेत नव्हतं. आपल्या आरोग्य मंत्रालयाने १३ जून २०२० ला वास आणि चव जाणं कोविडच्या लक्षणांच्या यादीत घातलं, तेव्हा कुठे लोकांना हा आजारात मोडणारा प्रकार वाटायला लागला. नवऱ्याला ही तारीख सांग. मनाचे खेळ सरकारी यादीत येत नसतात.

मग सगळ्यालाच उंदराचा वास का? बाजाची पेटी डोळ्यांपुढे आण. माणसाच्या नाकात वास पकडणारे सुमारे ४०० प्रकारचे रिसेप्टर आहेत. त्यांच्या जनुकांचा शोध लावल्याबद्दल लिंडा बक आणि रिचर्ड अॅक्सेल यांना २००४ चं नोबेल मिळालं. त्या ४०० पट्ट्या समज. कॉफी म्हणजे एकदम दाबलेल्या बऱ्याच पट्ट्या, फोडणी म्हणजे दुसऱ्या बऱ्याच. तुझ्या पेटीच्या अर्ध्या पट्ट्या अजून मुक्या आहेत आणि काही नव्याने बसवताना भलत्याच सुराला जोडल्या गेल्यात. वाजवायला जावं भूप आणि निघावा कर्कश भोंगा. मेंदूला तो ओळखू येत नाही, आणि न ओळखलेल्या वासाला मेंदू धोका समजून ओकारी काढतो.

काही पट्ट्या जास्त बोंबलतात. इंग्लंडमधल्या रीडिंग विद्यापीठातल्या संशोधकांनी कॉफीच्या वासातले घटक सुटे करून पॅरोस्मिया झालेल्यांना एकेक हुंगायला दिले. २०२२ मध्ये ते काम छापून आलं. सगळ्यात जास्त लोकांना छळणारा निघाला तो गंधक असलेला एक घटक. एरवी तोच आपल्याला खमंग कॉफी म्हणून कळतो. आता तुझी यादी बघ. कांदा, लसूण, अंडं: सगळे गंधकाच्या घराण्यातले. चिकन-मटण भाजलं-परतलं की तसलेच घटक सुटतात. हिंगही त्याच घराण्यातला, हे लक्षात ठेव. श्रावणात कांदा-लसूण नव्हता म्हणून बरं होतं, असं तुला वाटत असेल. तेवढंच कारण नाही. वरणात हिंग होताच की! तेव्हा नाक पूर्ण बंद होतं, म्हणून हिंगही निसटला. आता ते अर्धवट उघडलंय. म्हणून मी याला चांगली खूण मानते, तुला आज ते कितीही चमत्कारिक वाटलं तरी.

आता सासूबाई. तू चार महिने त्यांच्यापासून हे लपवतेयस, आणि त्या तुझ्या तोंडाकडे बघून आपल्या मनाने अर्थ लावतायत. दिवस गेलेल्या बाईला वास सोसत नाहीत हे त्यांनी पाहिलंय, त्यात त्यांची काही चूक नाही. (पाळी चुकली तर मात्र पुन्हा एकदा टेस्ट कर, दोन निगेटिव्हच्या भरवशावर राहू नकोस.) माझं सांगणं एवढंच की त्यांना नुसतं सांगू नकोस, दाखव. जेवणं झाल्यावर बडीशेपेचा डबा घेऊन त्यांच्याजवळ बस. त्यांना म्हण, आई, नाक गच्च दाबा आणि बडीशेप चावा. जरासा गोडवा लागेल, बाकी भुसा. आता नाक सोडा. सोडल्या क्षणी बडीशेप तोंडात उमलते. हे ज्याने कधी केलं नाही तो माणूस दचकतोच. आपण ज्याला चव म्हणतो त्यातलं बहुतेक सगळं घशामागून नाकात चढणारा वास असतो. जिभेला स्वतःला कळतं ते गोड, आंबट, खारट, कडू आणि मांस-टोमॅटोतला तो रसरशीतपणा, ज्याला जपानी लोक उमामी म्हणतात. तिखट ही तर चवसुद्धा नाही, ती निव्वळ जळजळ, म्हणून ठेचा अजून तुला झोंबतो. बाम लावल्यावरचा थंडावाही त्यातलाच. बाम कळला म्हणजे वास आला असं समजू नकोस, मी आठवडाभर फसले होते.

आणि मग म्हण, “आई, तुमच्या जेवणाला काही झालेलं नाही. माझं नाक खोटं बोलतंय. ते बरं होईस्तोवर मला तुमचं नाक लागेल.”

हे मी गोड बोलायचं म्हणून सुचवत नाहीये, तुला खरंच ते नाक लागणार आहे. दूध नासलंय का, कालची आमटी आंबलीय का, करपतंय का, हे तुला कळत नाही. त्या घरात आहेत तोवर त्यांना विचारायचं. मी शेजारच्या वहिनींना विचारायचे. रोज सकाळी दुधाचं पातेलं घेऊन त्यांच्या दारात. पहिले चार दिवस लाज वाटली, पाचव्या दिवशी त्याच हाक मारायला लागल्या, “आणा हो, हुंगून देते.” जी सून जेवणाला नाक मुरडते ती सलते. जी पातेलं पुढे करून “बघा ना जरा” म्हणते, तिच्यावर किती दिवस रुसणार?

गॅसचं मात्र कुणाच्या नाकावर सोडू नकोस. सिलिंडरच्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम इथाइल मरकॅप्टन नावाचं उग्र रसायन मिसळतात, आणि तेही गंधकाचंच. तुझ्या नाकाला तो वास येईल की नाही, आला तर फोडणीचा वाटेल की गॅसचा, सांगता येत नाही. रात्री रेग्युलेटर बंद करायचा, रोज, न चुकता. गळतीवर वाजणारा अलार्म मिळतो, तो घ्या. तुमच्याकडे सिलिंडर असेल तर तो जमिनीजवळ लावायचा, कारण तो गॅस हवेपेक्षा जड, खाली साचतो. पाइपचा गॅस हलका, त्याचा अलार्म छताजवळ. दुकानदार कुठेही ठोकून देतात, म्हणून सांगितलं. शंका आली तर दिव्याच्या बटणाला हात न लावता खिडक्या उघडायच्या, बाहेर पडायचं आणि बाहेरून फोन करायचा. सिलिंडरच्या गळतीसाठी १९०६ हा क्रमांक आहे.

खाण्याचं बघू. सहा किलो ही गंमत नाही. या दिवसांत वाफ तुझी वैरीण आहे. गरम ताटावरून वास उठतो, तेच अन्न निवलं की अर्ध्याहून जास्त त्रास कमी होतो. आपल्याकडे “गरम गरम खाऊन घे” हे प्रेमाचं वाक्य आहे, मला माहितीये, पण तू निवलेलं खा. दहीभात, ताक, काकडीची कोशिंबीर, केळं, पेरू, पनीर, मोड आलेले मूग नुसते वाफवून मीठ-लिंबू पिळून. वरण बिनहिंगाचं, वरून साजूक तूप, तेही न कढवता. भाजलेले दाणे घातलेली खिचडी कदाचित सोसणार नाही, कारण भाजलेलं. एकेक पदार्थ चिमूटभर चाखून वहीत दोन याद्या कर, दर पंधरा दिवसांनी त्या बदलतील. टूथपेस्ट पुदिन्याची सोडून लहान मुलांची फळाच्या चवीची आण. काहीच लागत नाही म्हणून मीठ आणि साखर वाढवत नेऊ नकोस. मी नेली होती, आणि मग बीपीची गोळी सुरू झाली ती आजपर्यंत आहे. वन रूम किचनमध्ये फोडणीपासून पळायला जागा नाही, ते खरं. फोडणीच्या वेळेला खाली जाऊन कोथिंबीर आण, भाजी आण, काहीही आण. घरात सांगून जा म्हणजे झालं.

आता नाकाची तालीम. माझा सगळ्यात जास्त विश्वास हिच्यावर. जर्मनीत ड्रेस्डेनच्या थॉमस हुमेल यांनी २००९ मध्ये ही पद्धत मांडली: गुलाब, नीलगिरी, लिंबू आणि लवंग. सकाळी आणि रात्री, प्रत्येक वास साधारण दहा सेकंद हुंगायचा, किमान बारा आठवडे. पुढे इतरांनी तीन-तीन महिन्यांनी वास बदलून जास्त काळ करून पाहिलं, त्याचाही फायदा दिसला. लवंग आणि लिंबू घरात आहेच. लवंग जरा ठेचून घे, लिंबाची साल नखाने खरवड. नीलगिरीचं तेल केमिस्टकडे मिळतं, त्याचे दोन थेंब कापसावर टाकून झाकणाच्या छोट्या बाटलीत ठेव. नाकात थेंब टाकायचा नाही, बाटली नाकाखाली धरायची. गुलाबाची पंचाईत आहे. दादरच्या फूलबाजारातला लांब दांड्याचा गुलाब दिसायला राजबिंडा आणि वासाला ठार. मोहम्मद अली रोडवरून गुलाबाच्या अत्तराची लहानशी कुपी आण. चारांतला एखादा सोसत नसेल तर तो सध्या बाजूला ठेवून दुसरा घे, वेलची घे.

हुंगताना मोबाइल बघायचा नाही. लवंग हुंगताना मसालेभात आठवायचा, खरोखर आठवायचा. मी पार्ल्याची. आमच्या लहानपणी स्टेशनवर उतरलं की बिस्किटं भाजल्याचा वास यायचा. तो कारखाना २०१६ मध्ये बंद झाला. मी लिंबू हुंगताना त्या बिस्किटांनाही रोज आठवायचे. पद्धतीत ते बसत नाही, पण मला बरं वाटायचं.

डॉक्टरांकडे या आठवड्यातच जा. चार महिने झालेत, वजन उतरलंय, एवढं कारण पुरे आहे. तुझ्या जवळ केईएम आहे, सकाळी कान-नाक-घशाच्या ओपीडीत केस पेपर काढ. ते दुर्बिणीने नाकात पाहतील, आत कोंब किंवा सायनसचं काही नाही ना याची खात्री करतील. कधी डोक्याला मार लागला असेल, एकाच नाकपुडीचा वास गेला असेल, नाकातून रक्त येत असेल तर ते आपणहून सांग. स्टेरॉइडच्या गोळ्या कुणाच्या तरी चिठ्ठीवरून आणून खाऊ नकोस. मिठाच्या पाण्याने नाक धुवायला सांगितलं तर पाणी उकळून गार केलेलंच वापर, नळाचं थेट नको. आणि मन फार खाली जात असेल, रडू येत असेल, तर तेही त्याच डॉक्टरांना सांग. वास गेलेल्या माणसांना उदास वाटतं हे त्यांना ठाऊक असतं.

ताजा कलमाबद्दल. घामाचा वास बिघडणं हेही याच दुखण्यात येतं, कितीतरी जणांना आपल्या स्वतःच्या अंगाचाही वास सोसत नाही. नवऱ्याला वाटत असणार की तू त्याला टाळतेयस. त्याला हे पत्र वाचायला दे, ही ओळसुद्धा. त्याने साबण बदलून, बिनवासाचा वापरून पाहावा. परळच्या गर्दीतून आल्यावर आंघोळ करूनच जवळ यावं, आणि थोडे महिने धीर धरावा. तू तोंड फिरवतेस ते कशामुळे हे एकदा कळलं की माणूस निम्मा शांत होतो.

कधी बरं होणार, हे तू विचारलंस. कोविडनंतर वास गेलेल्यांपैकी सहा महिने उलटूनही त्रास राहिलेले शंभरात पाच-सहा असावेत, असा अंदाज २०२२ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला होता. त्यांच्यातही पुढे वर्ष-दीड वर्षात, कधी दोन वर्षांनीही, सुधारणा होत राहते. काहींचं नाक पूर्वीसारखं होत नाही, हेही तुझ्यापासून लपवत नाही. माझी कॉफी अजून जराशी वेगळीच लागते, पण मी ती पिते. नोव्हेंबर २०२१ मध्ये मी लोकलने दादरला निघाले होते. वांद्रं सुटलं, गाडी खाडीवर आली आणि डब्यातल्या सगळ्या बायकांनी नेहमीप्रमाणे ओढण्या नाकाला लावल्या. मला तो वास आला. उंदराचा नाही, रबराचा नाही, माहीमच्या खाडीचा, अस्सल, जसाच्या तसा. मी खिडकीला नाक लावून माहीम स्टेशन येईपर्यंत तो भरभरून घेतला. समोरची बाई माझ्याकडे बघत बघत जरा सरकून बसली.

राहता राहिली दिवाळी. चकलीची भाजणी भाजणं, चिवड्याचे दाणे तळणं, लाडवाचं बेसन खमंग होईस्तोवर परतणं ही कामं यंदा तुझ्याकडे घेऊ नकोस. ते सगळं त्या बोंबलणाऱ्या पट्ट्यांवरच बोट ठेवणारं आहे, आणि बेसन करपलं तरी तुला कळायचं नाही. कढईपाशी सासूबाईंना बसू दे. तू गॅलरीत पाट टाकून करंज्या लाटायला घे, मुरड घालायला घे. सारणात वेलची किती झाली ते त्यांना विचारून घाल.

– मावशी